चतुर्दशीची सुकती

"बाजूला हो गो, आड येतंयस."

सासूबाईंनी हे माझ्याकडे न बघताच सांगितलं. त्या काठावर उकिडव्या बसल्या होत्या. पायाशी चिखलात एक काटकी रोवलेली, आणि त्या काटकीच्या टोकावरून त्यांची नजर पाण्यावर लागलेली, नेम धरावा तशी. मी नुकतीच कयाकमधून उतरले होते. एक पाय चिखलात रुतल्यामुळे सलवार गुडघ्यापर्यंत लाल झाली होती. कडेवर सहा वर्षांची राही होती, ओलीचिंब, खूश, दातांवर दात वाजवत. मला दुसरं काही नको होतं, फक्त डबी हवी होती.

"आई, डबी द्या. हिचे केस पुसून मशीन लावते."

"देतंय. जरा थांब."

राहीला जन्मापासून कमी ऐकू येतं. कमी म्हणजे मशीन काढलं की जवळजवळ नाहीच. दोन्ही कानांची दोन मशीनं, ती त्यांना 'माझे कान' म्हणते. पाण्याशी संबंध आला की ती काढायची, निळ्या डबीत ठेवायची, झाकण फिरवून घट्ट करायचं आणि डबी कोरड्या, जबाबदार माणसाच्या हातात द्यायची. तासाभरापूर्वी मी तेच केलं होतं. जबाबदार माणूस म्हणून सासूबाई निवडल्या होत्या, कारण ही सगळी सहल खरं तर त्यासाठीच होती.

पंधरा जानेवारीपासून मी रत्नागिरीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवायला जाणार होते. बी.एड. होऊन आठ वर्षं झाली, त्यातली सहा राहीच्या कानांमागे गेली. आता दुपारी बारा ते साडेपाच राही आजीकडे राहणार, असं ठरत होतं. ठरलं होतं असं मी म्हणणार नाही. मी एक कागद लिहून फ्रिजवर चिकटवला होता, सतरा कलमांचा. सासूबाईंना वाचता येत नाही म्हणून तो दोनदा मोठ्याने वाचूनही दाखवला होता. त्या ऐकताना वाल सोलत होत्या. नववं कलम, राहीशी हातवारे करून बोलायचं नाही, कारण पोर हातांवर अवलंबून राहिली तर ऐकायला आणि बोलायला शिकणार नाही, असं थेरपीच्या मॅडमनी बजावलं होतं. त्यावर सासूबाई 'बरा' म्हणाल्या आणि लगेच राहीला हातानेच खूण करून वालाच्या साली कुठे टाकायच्या ते दाखवलं.

संदेशचं म्हणणं, एवढी काळजी वाटते तर दोन दिवस महाबळेश्वरला जाऊ, आईलाही घेऊ, तिकडे थोडं थोडं तिच्याकडे सोपवून बघ. संदेश कोर्टात क्लार्क आहे. आठवडाभर तारखा लिहितो आणि रविवारी मोबाईलवर माणसं दऱ्यांवरून उड्या मारताना बघतो. त्याला कयाकिंग करायचं होतं, झिपलाइन करायची होती, घोड्यावर बसायचं होतं आणि माझी काळजीही मिटवायची होती, सगळं एकाच सहलीत. आंबेनळी घाटात राही दोनदा ओकली. लॉजवर सासूबाईंनी जवळ्याच्या चटणीचा डबा उघडला, आणि मॅनेजर फार नम्रपणे येऊन गॅस लीक आहे का विचारून गेला. काल दिवसभर आम्ही पॉइंट बघितले. प्रत्येक पॉइंटवर संदेश म्हणायचा काय व्ह्यू आहे, मी राहीचा मागून धरलेला फ्रॉक सोडायचे नाही, आणि सासूबाई कठड्यावरून खाली बघून विचारायच्या, तिकडं खाली कोन ऱ्हातं. कोणालाच माहीत नसायचं. त्यांना ते पटायचं नाही.

आज खाली तापोळ्याला आलो होतो, कोयनेच्या पाण्यावर. एका शेतकऱ्याने काठावर तंबू ठोकून कॅम्प काढला होता. तिघांची कयाक घेऊन आम्ही पाण्यात गेलो, सासूबाई काठावर थांबल्या. मी वल्हं मारायच्या ऐवजी पूर्ण वेळ राहीच्या जाकिटाचा पट्टा धरून होते. परत आलो तर ही काटकी.

"आई, डबी कुठेय?"

"चंचीत."

"आणि चंची?"

त्यांनी हनुवटीने पाणी दाखवलं.

मला आधी कळलंच नाही. मग हळूहळू सगळं बाहेर आलं, एकेक वाक्य ओढून काढावं लागलं. संदेशने मला न विचारता होडीवाल्या रामजींना सांगून ठेवलं होतं, की आई एकटी बसेल, तिला काठाकाठाने एक फेरी मारून आणा. सासूबाई होडीत बसल्या. डबी हातात ठेवली तर कुठेतरी विसरेन म्हणून त्यांनी ती पानसुपारीच्या चंचीत घातली, अडकित्त्याशेजारी, दोऱ्या गुंडाळून गाठ मारली आणि चंची कमरेला खोचली. मग पाणी गोडं की खारं ते बघायला त्या वाकल्या. ओंजळ भरली, चव घेतली, आणि चंची सुटून गेली. अडकित्ता लोखंडी. बुडबुडाही आला नाही म्हणाल्या.

"कधी?"

"तुम्ही त्या झाडापाशी होतात तवा."

म्हणजे पाऊण तास झाला होता.

"पाऊण तास, आई? तुम्ही ओरडलात का नाही? त्या होडीवाल्यांना तरी सांगायचं."

"ओरडून काय व्हणार गो? जागा धरून ठेवलीय मी." त्यांनी काटकीकडे बोट केलं. "पडली तशी सरळ काठाला येऊन ही रोवली. ही काटकी आनि पलीकडच्या डोंगराची ती दरड पडलेली तांबडी खून, ही एक रेघ. त्या धक्क्यावरचा झेंडा आनि त्याच्यामागची निळी टाकी, ही दुसरी. दोन रेघा जिथं मिळतात तिथं पडलीय. आता पानी उतरला की जातंय आनि उचलतंय."

"पाणी कसं उतरेल?"

सासूबाईंनी आता पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, आणि तुझं एवढं शिक्षण कुठे गेलं, असं ते बघणं होतं.

"आज तिथी काय? चतुर्दशी. चौदाची पाऊनपट साडेधा. साडेधाला भरती. म्हंजे साडेचाराला सुकती. उधानाची सुकती म्हंजे मोठी, पार त्या बांबूपर्यंत उघडा पडेल."

खाडीकाठी ओहोटीला सुकती म्हणतात, आणि तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पूर्णगडच्या खाडीकाठी जन्म काढलेल्या बाईने मोजलेलं हे गणित बरोबरच होतं. त्या क्षणी पूर्णगडला पाणी उतरतच असणार. फक्त आम्ही समुद्रापासून डोंगर चढून इतके आत आलो होतो, की इथल्या पाण्याला समुद्राची खबरही नव्हती.

मी सांगितलं, हे धरण आहे. साठवलेलं पाणी आहे. त्या म्हणाल्या, मग काठावर ह्या वळ्या कसल्या? खरंच, लाल मातीवर एकाखाली एक पट्टे उमटलेले होते, भरतीचं पाणी मागे हटत जाताना उमटतात तसेच. मी म्हटलं, पण पाणी गोडं आहे. त्या म्हणाल्या, खाडीत वरच्या अंगाला गोडंच असतं, तिथे काय भरती येत नाही? माझ्याकडे उत्तर होतं, आठवीच्या पुस्तकातलं होतं, पण माझा आवाज चढला होता आणि चढलेल्या आवाजात आठवीचं पुस्तक सांगता येत नाही.

मी बरंच काही बोलले. एक गोष्ट तुम्हाला सांभाळायला दिली होती, एकच, असं म्हणाले. संदेशला म्हणाले, मी उद्याच शाळेत फोन करून नाही म्हणून कळवते. तो म्हणाला, अगं एवढं टोकाचं काय. मग मी सासूबाईंकडे वळून जे बोलले ते इथे लिहायला नको वाटतं, पण बोलले.

"उद्या राही पडली पाण्यात, तर तिच्यासाठीही काटकी रोवून बसाल का?"

राही आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. तिला फक्त हलणारे ओठ दिसत होते. तिला मशीन लावलेलं नाही याचं त्या एका मिनिटापुरतं मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून आणखी राग आला.

संदेश रामजींना घेऊन आला. पन्नाशीचा माणूस, डोक्याला मफलर. सासूबाईंनी त्यांना विचारलं, "भाऊ, ह्या पान्याला सुकती कधी?"

रामजी हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची अजून आभारी आहे. "भरती-ओहोटी न्हाई आजी हितं. उतरतं पानी, पर मे म्हैन्यात. तवा खाली आमच्या जुन्या गावची शेतं दिसत्यात."

"मे म्हैन्यात," सासूबाई म्हणाल्या.

"व्हय."

त्यांनी एकदा सूर्य बघितला, एकदा पाणी बघितलं. मग मान खाली घालून काटकीभोवतीची माती हातांनी दाबत राहिल्या, ती सरळच उभी असताना.

पुढचा तास संदेशचा. तो कयाकिंगच्या जाकिटासकट पाण्यात गेला, आणि जाकीट ज्या कामासाठी बनवलेलं असतं तेच करत राहिलं. तो बुडी मारायचा आणि बुचासारखा वर यायचा. जाकीट काढलं तर मी काठावरून ओरडले, कारण त्याला पोहता येतं ते विहिरीपुरतं. शेवटी त्याने जाकीट घालून पायांनी तळ ढवळला, रामजींनी बांबूला आकडा बांधून ओढून बघितला. पाणी चहासारखं झालं. सासूबाईंनी दोनदा सांगितलं, बाबू, चिखल उठवू नको, जागा तिकडं हाय. संदेश म्हणाला, आई, तू आता गप्प बस गं.

मी फोनवर रत्नागिरीतल्या मशीनवाल्याला गाठायचा प्रयत्न करत होते. रेंज येत-जात होती. रविवार होता. मध्येच वळून बघितलं, तर राही आजीच्या मांडीत बसली होती, अंगाभोवती आजीची शाल, आणि काटकीच्या टोकाला एक डोळा लावून पलीकडच्या डोंगरावरची तांबडी खूण बघत होती. आजी तिला हाताने दाखवत होती. तळवा डावीकडे, तळवा उजवीकडे, मग दोन्ही तळवे खाली दाबून, इथेच. नववं कलम. मी दोन पावलं पुढे गेले आणि थांबले. त्या घडीला राहीशी बोलायला दुसरा रस्ता कुणाकडे होता? माझ्याकडे तर नव्हता.

सव्वाचारच्या सुमारास सासूबाई उठल्या. राहीला काटकीपाशी तसंच बसवलं. रामजींना म्हणाल्या, होडी जवळ आना, पन पुढं येऊ नका. मग पदर कमरेला गुंडाळला, निऱ्या वर घेऊन मागे कासोटा खोचला आणि पाण्यात शिरल्या.

"आई, तुम्हाला बीपी आहे," मी म्हणाले.

"हाय," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

लग्नानंतर सात वर्षांत मी त्यांना पाण्यात कधी बघितलं नव्हतं. आम्ही रत्नागिरीला फ्लॅट घेतला तेव्हा संदेशने त्यांचं काम बंद करवलं होतं. त्याआधी चाळीस वर्षं त्या खाडीत मुळे काढत होत्या. मुळे म्हणजे चिखलात दडलेल्या शिंपल्या, आतलं मांस खायचं. सासरे मुंबईला, वर्षातून दोनदा यायचे, नंतर तेही राहिलं नाही. सुकती पहाटे असो की भर दुपारी, त्या वेळेला बायका चिखलात उतरायच्या, आणि मग पाटी डोक्यावर घेऊन पावसच्या बाजारात. संदेशचं बी.कॉम. त्यातून झालं. हे सगळं मला माहीत होतं, जशी माणसाला सासरची माहिती असते तशी. ते काम पायांनी करतात, हे माहीत नव्हतं.

त्या चालत नव्हत्या, पाय सरकवत होत्या. चिखल उठत नव्हता. एक पाऊल पुढे टाकून बोटं पसरायच्या, बोटांनी चाचपायच्या, मगच वजन टाकायच्या. पाणी कमरेला आलं, मग छातीला. त्यांचे डोळे धक्क्यावरच्या झेंड्याकडे होते, मागची निळी टाकी झेंड्याच्या आड कधी जाते ते बघत. पण दुसरी रेघ, काटकीची, त्यांच्या पाठीमागे राहिली होती. ती काठावरूनच दिसत होती.

त्या थांबल्या आणि मागे वळून राहीकडे बघितलं.

राहीने डोळा काटकीला लावला. मग हात वर करून तळवा डावीकडे लोटला. सासूबाई डावीकडे सरकल्या. राहीने पुन्हा लोटला, थोडासाच. मग घाईने उजवीकडे. मग उभी राहिली, दोन्ही तळवे खाली दाबले, आणि तसेच दाबून धरले.

मला नंतर संदेशने सांगितलं की वाऱ्यात खाडीच्या या काठाचा आवाज त्या काठाला जात नाही, त्यामुळे बायका सगळं हातांनीच बोलतात, भांडणंसुद्धा. हे त्याने मला सात वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

सासूबाईंनी पायाने आधी एक बाटली काढली आणि होडीत टाकली. मग कुणाची तरी चप्पल. मग बराच वेळ काही नाही. राहीचे हात थरथरायला लागले, पण तिने खाली घेतले नाहीत. मी तिच्या मागे जाऊन तिची कोपरं खालून धरली, आणि कधी धरली ते मलाही कळलं नाही. सासूबाईंनी एकदा डोळे मिटले. मग नाक धरून त्या सबंध पाण्याखाली गेल्या. संदेश ओरडला. रामजींनी होडी पुढे लोटली, तोवर त्या वर आल्या होत्या, केस तोंडावर, आणि हातात चंची, लाल चिखलाने माखलेली, गाठ तशीच.

काठावर आल्यावर त्यांना गाठ सुटेना. बोटं गारठली होती. मी सोडली. ओली सुपारी, चुन्याची डबी, अडकित्ता. आणि निळी डबी. झाकण घट्ट होतं, पण फिरवलं तसं आतून पाणी ओघळलं, चमचाभर असेल. दोन्ही मशीनं त्यात बसली होती. मी ती कुडत्याला पुसली, फुंकली, सेल काढून पुन्हा घातले. दिवा लागला नाही. पुढेही लागला नाही. सोमवारी मशीनवाल्याने उघडून बघितलं आणि मान हलवली. घरी जुना एक जोड होता, बरा नाही, पण आहे, त्यावर तिचं सध्या चालतं.

पण हे सोमवारचं. त्या वेळी सगळे माझ्याकडे बघत होते. सासूबाई ओल्या लुगड्यात उभ्या होत्या, पायांच्या बोटांमध्ये लाल माती, आणि ओठ निळे पडलेले.

"लागला?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मे म्हैन्यापर्यंत नसतं थांबता आलं गो," त्या म्हणाल्या. जणू चूक झालीच असेल तर ती एवढीच होती.

राहीने माझी ओढणी ओढली, कानाला हात लावला आणि भुवया उंचावून विचारलं. मी नाही म्हणून सांगितलं. हाताने. तिने खांदे उडवले आणि आजीच्या ओल्या पदराला जाऊन बिलगली. मला त्या दोघींवरही चिडायचं होतं, संदेशवर तर होतंच, पण सगळे इतके ओले होते, की कुठून सुरुवात करावी तेच कळेना.

मी डबी ओढणीने पुसली, कोरडी केली. मशीनं आत ठेवली, झाकण फिरवलं. संदेशने हात पुढे केला, दे, मी बॅगेत टाकतो. मी डबी सासूबाईंना दिली.

त्यांनी ती घेतली. चंचीत ठेवली नाही, कमरेला खोचली नाही. मुठीत धरली.

"आई, पंधरा तारखेला मी साडेअकराला निघेन," मी म्हणाले. "जेवण करून ठेवत जाईन."

"जेवन मी करीन," त्या म्हणाल्या.

आम्ही गाडीत बसलो. संदेशने झिपलाइनचं नाव काढलं नाही. वळणावळणाचा रस्ता वर चढत गेला, पाणी कधी डावीकडे दिसायचं, कधी उजवीकडे, आणि प्रत्येक वेळी सासूबाई त्याच्याकडे संशयाने बघायच्या. राही त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. एका हाताने त्या तिला थोपटत होत्या. दुसरी मूठ गुडघ्यावर होती, मिटलेली. एका वळणावर मी म्हटलं, आई, पर्समध्ये ठेवू का? त्या म्हणाल्या, नको, हातातच बरी.

लॉजच्या पायऱ्या उंच होत्या आणि सासूबाईंचा उजवा गुडघा दुखरा आहे. काल चढताना त्यांनी कठडा घट्ट पकडला होता. आज त्यांच्या डाव्या हाताला राही होती, अर्धवट झोपेत. उजव्या हाताला कठडा होता. त्यांनी डबीची मूठ उघडली नाही. कठड्यावर कोपर टेकलं, त्यावर भार दिला आणि एक पायरी चढल्या. मग पुन्हा कोपर पुढे सरकवून दुसरी.